आत १७ अंश, तरी नळ कोरडा: गोठत्या थंडीतल्या एका ट्रेलरचं प्रकरण

पहाटे साडेपाचला किटली भरायला मी ओट्यावरचा नळ सोडला. दोन थेंब टपकले, पंप क्षणभर गुरगुरला आणि सगळं गप्प झालं. भिंतीवरचा तापमापक १७ अंश दाखवत होता. ट्रेलरमध्ये, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घरात, आम्ही तिघं रात्रभर छान झोपलो होतो, मुलीने तर पांघरूण लाथेने खाली ढकललं होतं. बाहेर उणे १३ होतं. न्हाणीघरातला नळ सोडून पाहिला, तिथे पाणी आलं. म्हणजे टाकीत पाणी होतं, पंप चांगला होता, आणि टाकीपासून ओट्यापर्यंतच्या वाटेवर कुठेतरी बर्फाचं बूच बसलं होतं.

हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे, कारण आम्ही तयारी न करता गेलो नव्हतो. तयारी भरपूर होती. पण ती जवळजवळ सगळी माणसांसाठी केलेली होती. थंडीत ट्रेलरमध्ये माणसाला ऊब एका जागी लागते आणि पाण्याला दुसऱ्याच जागी, हे आम्हाला त्या कोरड्या नळाने शिकवलं.

ट्रेलर आणि मुक्काम

ट्रेलर साडेसात मीटर लांब, गाडीमागे ओढायचा, एका बाजूला सरकून बाहेर येणारी खोली म्हणजे स्लाइड. ताज्या पाण्याची १५० लिटरची टाकी, धुण्याच्या सांडपाण्याची एक आणि मैल्याची एक, अशा तिन्ही टाक्या पायाखालच्या फळीच्या खाली, ट्रेलरच्या पोटात. पोट खालून नालीदार प्लास्टिकच्या पत्र्याने बंद केलेलं. गॅसवर चालणारी फर्नेस, म्हणजे गरम हवेची भट्टी, ताशी ३०,००० बीटीयूची (बीटीयू हे उष्णतेचं माप). विकताना कागदावर ‘चारही ऋतूंसाठी’ असं छापलेलं होतं. या शब्दांचा अर्थ प्रत्येक बनवणारा आपापल्या परीने लावतो. आमच्या ट्रेलरमध्ये त्याचा अर्थ एवढाच निघाला, की फर्नेसच्या गरम हवेच्या नळीला एक बारीक फाटा काढून तो पोटात सोडलेला आहे. हा फाटा पुढे फार महत्त्वाचा ठरणार आहे.

मुक्काम तीन रात्रींचा. अंदाज रात्री उणे १२ ते उणे १५, दुपारी उणे २ च्या आसपास. जागेवर विजेची जोडणी होती, १२० व्होल्ट ३० अँपिअरची. पाण्याचा एक सार्वजनिक नळ होता. अंदाजात ‘जाणवणारं तापमान’ उणे २१-२२ दाखवत होते, त्या आकड्याने नवरा बराच धास्तावला होता. पण तो आकडा कातडीसाठी असतो. ट्रेलरखालचा पाइप कितीही वारा सुटला तरी हवेच्या खऱ्या तापमानाखाली जात नाही. वारा फक्त त्याला तिथवर लवकर पोचवतो. तेव्हा वाऱ्याची भीती बाळगायची ती वेळेच्या हिशेबाने. शांत हवेत जो पाइप रात्र काढून जाईल, तोच वाऱ्यात दोन-तीन तासांत गोठू शकतो.

पहिल्या संध्याकाळी काय बरोबर केलं

पोचायला उशीर झाला, अंधार पडला होता. तरी काही गोष्टी नीट झाल्या. सार्वजनिक नळाला होज, म्हणजे लवचीक नळी, लावून टाकी दोन तृतीयांश भरली, मग होज काढली, दोन्ही टोकं उंचसखल धरून पूर्ण रिकामी केली आणि गुंडाळून आत घेतली. रात्रभर होज जोडून ठेवणं म्हणजे जमिनीवर पडलेला, कशानेही न झाकलेला पाइप गोठायला ठेवणं. गरम राहणारी होज मिळते, तिच्यात विजेची तापणारी तार असते. पण ज्या नळाला ती जोडायची तो नळच गोठला तर तिचा उपयोग नाही. टाकी भरून पंपावर राहणं मला अजूनही सगळ्यात भरवशाचं वाटतं.

सांडपाण्याच्या दोन्ही टाक्यांच्या झडपा बंद ठेवल्या. उन्हाळ्यात बरेच जण धुण्याच्या पाण्याची झडप उघडी ठेवून पाणी सतत वाहू देतात. गोठत्या हवेत बारीक धार पाइपाच्या तळाशी थिजते, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी, आणि सकाळी पाइपभर बर्फ. टाकीत साठवलेलं पाणी मोठ्या वस्तुमानामुळे उशिरा गोठतं, आणि एकदम सोडलं की जोरात निघून जातं. सांडपाण्याच्या प्रत्येक टाकीत दोन-दोन लिटर गुलाबी अँटिफ्रीझ, म्हणजे पाणी गोठू न देणारं द्रव, आधीच ओतलं होतं. हे प्रोपिलीन ग्लायकॉलचं, ट्रेलरच्या प्लंबिंगसाठीचं. मोटारीच्या रेडिएटरमधलं बहुधा इथिलीन ग्लायकॉलचं असतं, ते विषारी आहे आणि पिण्याच्या पाण्याच्या जवळपासही येता कामा नये.

ट्रेलर टेकवायच्या जॅकखाली लाकडी फळ्या ठेवल्या, नाहीतर ओल्या मातीत ते थिजून बसतात. खिडक्यांना फुगेवाली चंदेरी चादर लावली. छतावरच्या झरोक्यांत फोमच्या उशा बसवल्या. हे सगळं अर्ध्या तासात झालं आणि आम्हाला वाटलं, झालं.

एक काम मात्र राहिलं. ट्रेलरभोवती खालून झालरीसारखे लावायला पाच सेंटिमीटर जाडीचे फोमचे बोर्ड गाडीत आणले होते. अंधारात, वाऱ्यात ते कापायचं जिवावर आलं. ‘सकाळी लावू,’ असं ठरलं.

रात्री काय घडलं

गॅस वाचावा म्हणून आम्ही विजेचे दोन हीटर लावले, एक झोपायच्या खोलीत आणि एक मधल्या जागेत, प्रत्येकी १५०० वॅटचा. फर्नेसचा थर्मोस्टॅट १५ वर ठेवला. कल्पना अशी, की हीटर कमी पडले तर फर्नेस आपोआप पेटेल.

हीटर कमी पडले नाहीत. थर्मोस्टॅट मधल्या जागेत, हीटरपासून दोन पावलांवर होता. त्याला रात्रभर १६-१७ अंश मिळत राहिले, आणि मध्यरात्रीनंतर फर्नेस एकदाही पेटली नाही. फर्नेस पेटली नाही म्हणून तिच्या नळीत गरम हवा गेली नाही, आणि पोटात सोडलेल्या त्या बारीक फाट्यातूनही काही गेलं नाही. वर आम्ही उबेत आणि आमच्या पायाखाली अर्ध्या हातावर पाइप उणे तापमानात. ओट्याचा पाइप पंपाकडून निघून पोटाच्या एका कडेने, बाहेरच्या पत्र्याला जवळजवळ चिकटून जातो. न्हाणीघर पंपाच्या शेजारी, आतल्या बाजूला. म्हणून एक नळ गोठला आणि दुसरा वाचला.

विजेच्या हीटरना मी दोष देत नाही. वीज जागेच्या भाड्यात असेल तर ते वापरण्यात शहाणपणच आहे. पण पोटाला ऊब फर्नेसच देते, दुसरं कोणी देत नाही. म्हणून फर्नेसला दर तासाला काही वेळ चालावंच लागेल अशी मांडणी हवी. हीटर थर्मोस्टॅटपासून लांब, शक्यतो झोपायच्या खोलीत, आणि मंद. थर्मोस्टॅट १८-१९ वर. मग हीटर फर्नेसचा भार हलका करतो, तिला झोपवत नाही.

सकाळी आणखी एक गोष्ट दिसली. एका हीटरचा प्लग हाताला चांगलाच गरम लागत होता. १५०० वॅट म्हणजे १२० व्होल्टवर साडेबारा अँपिअर. तासन्‌तास चालणारा भार ब्रेकरच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा असतो, म्हणजे १५ अँपिअरच्या ब्रेकरवर १२ अँपिअर. आम्ही दोन्ही सर्किटांवर त्याच्या वर होतो, रात्रभर, झोपेत. गोठलेल्या पाइपपेक्षा ही चूक मोठी होती आणि ती आमच्या नशिबाने तिथेच थांबली. त्यानंतर एकच हीटर, अर्ध्या ताकदीवर.

बर्फाचं बूच सोडवताना

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं हे सगळ्यांना माहीत असतं. पण पाइप बहुतेक वेळा जिथे बर्फ असतो तिथे फुटत नाही. बर्फाचं बूच आणि बंद नळ यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्यावर दाब चढत जातो आणि तो दाब सगळ्यात कमकुवत सांधा शोधतो. म्हणून गोठल्याचं कळताक्षणी पहिलं काम ओट्याचे गरम आणि गार दोन्ही नळ उघडे ठेवण्याचं. दुसरं, पंप बंद. कुठे चीर पडली असेल तर वितळल्यावर पंप दीडशे लिटरची टाकी पोटात ओतून मोकळा होईल.

मग हीटर बंद करून फर्नेस २२ वर केली, ओट्याखालच्या कपाटांची दारं उघडली, आणि पायाखालच्या फळीतल्या छोट्या झाकणातून केस वाळवायच्या ड्रायरची गरम हवा पाइपाच्या दिशेने सोडली. आच लावायचा मोह इथे कोणालाही होऊ नये. पाइप प्लास्टिकचे, पत्रा प्लास्टिकचा, आणि शेजारून गॅसची नळी गेलेली.

अडीच तास लागले. आधी नळ खोकल्यासारखा फसफसला, मग धार आली. नवरा बाहेर ट्रेलरखाली आडवा पडून टॉर्चने पोटाचा पत्रा पाहत होता. कुठे ओल दिसली नाही. आतले पाइप पेक्सचे, म्हणजे लवचीक प्लास्टिकचे, आहेत, ते बर्फाबरोबर थोडे फुगतात आणि परत जागेवर येतात. फुटतात ते कडक भाग: नळांची शरीरं, पंपाचं डोकं, प्लास्टिकचे सांधे, झडपा. हे मला ठाऊक होतं, तरी त्या दिवशी मी फक्त पाइपच तपासले. ती गोष्ट पुढे येईल.

दुसरा दिवस: झालर

शेजारच्या ट्रेलरमध्ये एक वयस्क गृहस्थ एकटेच राहत होते. त्यांचा ट्रेलर चारही बाजूंनी खालून बंद, अगदी मांडी घालून बसल्यासारखा जमिनीला टेकलेला. आम्ही बोर्ड कापायला घेतले तेव्हा ते बघायला आले.

‘‘वाऱ्याच्या बाजूने सुरू करा,’’ ते म्हणाले. ‘‘आणि गॅसची बाजू पूर्ण बंद करू नका हो. तिथे दोन बोटं फट ठेवा.’’

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. प्रोपेन हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असतो. गळती झाली तर तो खाली उतरतो आणि झालरीच्या आत तळं साचावं तसा साचतो. म्हणून ज्या बाजूला रेग्युलेटर आणि गॅसची नळी येते तिथे जमिनीलगत फट ठेवली. फर्नेसच्या धुराचं तोंड आणि तिच्याभोवतीची हातभर जागा मोकळी सोडली. काही जण झालरीच्या आत, ट्रेलरखाली विजेचा हीटर ठेवतात. आम्ही ठेवला नाही आणि ठेवणारही नाही. खाली वाळलेलं गवत, वर प्लास्टिक, जवळ गॅस, आणि लक्ष ठेवायला कोणी नाही.

बोर्ड जमिनीपर्यंत कापून ट्रेलरच्या खालच्या कडेला टेपने चिकटवले, बाहेरून बर्फ लोटून दाबले. झालर उष्णता तयार करत नाही. ती वारा अडवते आणि जमिनीतून आणि पोटातून जी काही ऊब निसटते ती तिथेच धरून ठेवते. चार तास लागले. त्यातला सगळ्यात जास्त वेळ चाकांभोवतीच्या तुकड्यांना गेला.

त्याच दिवशी बाहेरच्या संवेदकांचे दोन छोटे तापमापक बसवले, ज्यांचे आकडे आत बसून दिसतात. एक पोटात, निचऱ्याच्या झडपांजवळ, दुसरा ओट्याखालच्या कपाटात मागच्या भिंतीला. हे काम पहिल्या संध्याकाळी करायचं होतं. सकाळी नऊला, झालरीच्या आधी, खोलीत १८, ओट्याखाली ४ आणि पोटात उणे २ होतं. त्या एका ओळीत सगळं प्रकरण दिसत होतं. दुसऱ्या रात्री बाहेर उणे १४ असताना, फर्नेस १९ वर आणि झालर लागलेली, पोटात ५ आणि ओट्याखाली ९ राहिलं. कपाटाची दारं रात्रभर उघडी ठेवली होती.

निचऱ्याच्या दोन नळ्या, ज्या सगळ्या प्लंबिंगच्या सर्वांत खालच्या जागेवरून पोटाच्या पत्र्यातून बाहेर डोकावतात, त्यांच्यावर फोमच्या टोप्या घातल्या. चार बोटं पाइप बाहेर, पण त्या चार बोटांत पाणी उभं असतं आणि तिथून थंडी आत चढते.

गॅस आणि बॅटरी यांचा हिशेब

फर्नेस जास्त चालवायची म्हणजे गॅस किती लागेल हे आधी मांडून पाहिलं. ताशी ३०,००० बीटीयू म्हणजे सुमारे ८.८ किलोवॅट. ९ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण १२५ किलोवॅट-तास ऊर्जा असते. सतत जळली तर १४ तास, आमच्यासारखी अर्ध्याहून थोडी जास्त वेळ चालली तर एक सिलिंडर जेमतेम एक दिवस. आमच्याकडे दोन होते. तिसऱ्या दिवशी सकाळी एक भरून आणला. सिलिंडरमध्ये प्रोपेनच हवा. तो उणे ४२ अंशांपर्यंत वाफ होत राहतो. ब्यूटेन शून्याच्या जवळ थांबतो, तेव्हा ज्या मिश्रणात तो जास्त आहे ते सिलिंडर थंडीत भरलेलं असूनही रिकाम्यासारखं वागतं.

पण फर्नेस गॅसवर एकटी चालत नाही. तिचा पंखा १२ व्होल्टवर चालतो आणि आमच्या पंख्याला ८ अँपिअर लागतात. वीज असेपर्यंत हे लक्षातही येत नाही. तिसऱ्या रात्री पावणेदोनला वीज गेली तेव्हा आलं.

बॅटरी १०० अँपिअर-तासांची, शिसं-आम्लाची, ट्रेलरच्या नाकाडावर उघड्या पेटीत. उणे १४ ला अशा बॅटरीची ताकद साठ टक्क्यांच्या आसपास उरते. त्यातली निम्मीच वापरायची धरली तर हातात तीस. पंखा तासातला साठ टक्के वेळ चालतो म्हणजे सरासरी ५, त्यात गॅस आणि कार्बन मोनॉक्साइडचे शोधक आणि बाकीची सर्किटं मिळून १. तीस भागिले सहा, पाच तास. हा हिशेब दुपारी कागदावर केला होता, म्हणून रात्री गोंधळ झाला नाही. टाक्यांच्या तळाला चिकटवलेले हीटिंग पॅड आधी बंद केले, ते दोन मिळून बारा अँपिअर खातात. थर्मोस्टॅट १४ वर उतरवला, मुलीला आमच्या मध्ये घेतलं. झडपांजवळचा आकडा ५ वरून ३ वर आला आणि तिथे थांबला. सहाच्या सुमाराला वीज आली.

बॅटरी पूर्ण उतरू देणं हे थंडीत दुहेरी नुकसान आहे. भरलेल्या बॅटरीतलं आम्ल उणे पन्नासलाही गोठत नाही. पूर्ण उतरलेलीतलं जवळजवळ पाणीच उरतं आणि ते उणे ७ ते १० लाच गोठून कवच फोडू शकतं. ज्यांच्याकडे लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी आहे त्यांचा प्रश्न वेगळा. ती शून्याखाली वीज देते, पण शून्याखाली ती चार्ज केली तर कायमची बिघडते. ती आत, उबेतच ठेवायला हवी.

वीज नसताना शेगडी पेटवून ऊब घ्यायची नाही, हे आम्ही घरातून निघतानाच ठरवलं होतं. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड कळत नाही, झोपेत तर नाहीच. शोधकाच्या मागची तारीख निघण्याआधी पाहिली होती. ही यंत्रं काही वर्षांनी निकामी होतात, दिवा लागलेला असला तरी.

ओल

बिनधुराड्याच्या गॅस हीटरविषयी मला ओलीच्या कारणाने बोलायचं आहे, विषारी वायूचा मुद्दा बाजूला ठेवला तरी. एक किलो प्रोपेन जळला की १.६ किलो पाणी तयार होतं. फर्नेस हे पाणी धुराबरोबर बाहेर टाकते. उघडा हीटर ते आपल्याच अंथरुणात टाकतो. तिघांच्या श्वासातूनच रात्रभरात भरपूर ओल येते. २० अंशांच्या हवेत सापेक्ष आर्द्रता ६० टक्के असेल तर १२ अंशांच्या कुठल्याही पृष्ठभागावर दव धरतं, आणि ट्रेलरची एकेरी काच उणे १३ ला शून्याच्या आसपास असते.

आमच्याकडे पहिल्या सकाळी चंदेरी चादरीच्या मागे काचेवर बर्फ होता. चादरीमुळे काच आणखी थंड झाली, आणि चादर कडांना नीट चिकटवलेली नसल्याने ओलसर हवा मात्र मागे जात राहिली. गादीखाली हात घातला तर फळी ओली. त्यानंतर एका झरोक्यातली उशी काढून तो बोटभर उघडा ठेवला, गादी भिंतीपासून वीतभर दूर केली, आणि चादरीच्या कडा टेपने बंद केल्या. ऊब बाहेर जाते आहे असं वाटतं, वाटू द्यावं.

पंपाचा आवाज

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला मुलगी म्हणाली, ‘‘आई, पंप एकटाच बोलतोय.’’

सगळे नळ बंद होते. पंप दोन सेकंद गुरगुरला आणि थांबला. पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा. पंप दाबावर चालतो. पाइपातला दाब उतरला तरच तो उठतो, आणि नळ बंद असताना दाब उतरला म्हणजे पाणी कुठेतरी बाहेर जातं आहे. आम्ही ओट्याखाली पाहिलं, न्हाणीघरात पाहिलं, संडासाच्या झडपेला कोरडा कागद लावून पाहिला, पोटाच्या पत्र्यावर हात फिरवला. काहीच नाही. संध्याकाळी आवाज थांबला. रात्रभर पंप गप्प. आम्ही समजलो, पाइपात अडकलेली हवा असेल, निघून गेली.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो पुन्हा बोलायला लागला, आणि संध्याकाळी पुन्हा गप्प. दुपारीच का, हा प्रश्न नवऱ्याने मोठ्याने विचारला तेव्हा दोघांच्याही डोक्यात उत्तर एकदमच आलं. दुपारी तीन वाजता ट्रेलरच्या ज्या बाजूवर ऊन येतं, त्या बाजूला मागच्या कोपऱ्यात एक छोटा कुलूपबंद कप्पा आहे. त्यात पाय धुवायचा बाहेरचा शॉवर. आम्ही तो त्या हंगामात एकदाही उघडला नव्हता.

कप्प्याच्या खालच्या कडेला बर्फाचा एक बारीक सुळका लटकत होता. आत प्लास्टिकच्या नळाच्या शरीराला केसाएवढी चीर पडलेली. दोन्ही खुंट्या बंद, त्यांच्या आत पाणी, आणि कप्प्यामागे फक्त पत्रा. पहिल्याच रात्री फुटला असणार. रात्री बर्फच ती चीर बुजवत होता, दुपारच्या उन्हात वितळला की गळत होता. फर्नेसची ऊब तिथे पोचत नाही, झालर तिथपर्यंत येत नाही, आणि आमचा एकही संवेदक त्या बाजूला नव्हता.

त्या रात्री पंप फक्त वापरताना चालू केला आणि लगेच बंद केला. गरज पडली तर ओट्यावर आधी भरून ठेवलेल्या दोन कॅन होत्याच.

निघताना आणि नंतर

निघायच्या सकाळी मैल्याच्या टाकीची झडप थिजलेली होती. दांडी जोरात ओढली असती तर मोडली असती. ड्रायर दहा मिनिटं धरला, सुटली. मैल्याची टाकी आधी सोडली, मग धुण्याच्या पाण्याची, म्हणजे तिने होज धुतली गेली. स्लाइड आत घेण्याआधी शिडीवर चढून तिच्या छतावरचा बर्फ आणि कडेच्या रबरावर धरलेला पातळ थर झाडूने काढला. तो तसाच आत ओढला असता तर रबर फाटलं असतं आणि बर्फ मुलीच्या पलंगावर वितळला असता. गरम पाण्याची टाकी थंड होऊ देऊन रिकामी केली, सर्व नळ आणि निचऱ्याच्या नळ्या उघड्या ठेवूनच रस्त्याला लागलो.

घरी पोचल्यावर शॉवरचा नळ बदलला, या वेळी पितळेचा घेतला. त्याच्या गरम आणि गार दोन्ही फांद्यांवर आत, पलंगाखाली, एकेक बंद करायची झडप बसवली. आता थंडीच्या मुक्कामाआधी त्या झडपा बंद करून, बाहेरच्या खुंट्या उघड्या सोडून, तेवढा तुकडा कोरडा ठेवतो आणि कप्प्यात फोमचा ठोकळा दाबून बसवतो. तिसरा संवेदक घेतला, तो त्या ठोकळ्याच्या मागे आहे. आणि निघण्याच्या आदल्या दिवशी मी टाकीपासून सुरुवात करून पाणी जिथे जिथे जातं तिथे हात लावत फिरते, मुलगी पुढे चालून पुढची जागा दाखवते. मागच्या वेळी तिने संडासामागचा एक फवारा दाखवला, जो माझ्या यादीत नव्हता.